जमिनीचा निवाडा आणि पाखरांची नोंदवही

एखाद्या जमिनीचे काय करावयाचे हा प्रश्न सरकारदरबारी उभा राहतो, तेव्हा सुनावणीस हजर राहणारे पक्ष बहुधा ठरलेले असतात. शेतकरी पाणी मागतो, पाटबंधारे खाते कालव्याची आखणी पुढे करते, वीजमंडळ धरणाचा नकाशा उलगडते आणि महसुली दप्तर त्या जमिनीची जात सांगते : जिराईत, बागाईत, गायरान, नाही तर पडीक. यांपैकी कोणाचीच मागणी खोटी नसते. परंतु त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या नांदत आलेली पाखरे, गवते आणि मासे यांची बाजू मांडणारा त्या दालनात कोणी नसतो. सात-बाराच्या उताऱ्यावर त्यांच्या नावाचा रकाना नाही. ती बाजू मांडावयाची तर नुसता कळवळा पुरत नाही. तेथे काय होते, किती होते आणि केव्हापासून होते याची नोंद लागते. आणि ती नोंद तंटा उभा राहण्याच्या कितीतरी आधी झालेली असावी लागते. अशा नोंदी करण्यात ज्यांनी सारे आयुष्य वेचले त्या डॉ. सलीम अली यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पक्ष्यांचे वेडे म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. जमिनीच्या निवाड्यातील साक्षीदार म्हणून त्यांची ओळख तितकीशी झालेली नाही.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली, आणि खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी हे पोरके मूल वाढले. मामांना शिकारीचा शौक होता, आणि भाच्याच्या हातीही लहानपणीच छऱ्यांची बंदूक आली. त्या बंदुकीने एके दिवशी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या घरचिमणीला असा ठिपका नसतो. हा पक्षी कोणता, याचे उत्तर मामांजवळ नव्हते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे पाठविले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे होते. मिलर्ड यांनी ते एकामागून एक उघडून दाखविले, ही पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले, आणि पक्ष्याचे कातडे सोडवून नमुना कसा टिकवावा याचे धडेही पुढे त्या मुलाला मिळाले. मुंबईतील एका शाळकरी मुलापुढे त्या दिवशी एक निराळेच जग उघडले.

हे जग पोट भरण्याच्या कामी मात्र आले नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालयात पाऊल टाकले, पण अभ्यासात मन रमले नाही. घरच्या खाण-व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे गेले. तेथेही धंद्यापेक्षा रानातच पाय अधिक वळत. १९१७ साली परत आल्यावर त्यांनी वाणिज्याचे शिक्षण घेतले आणि त्याच्याबरोबरीने झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या देखरेखीखाली प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. विद्यापीठाची रीतसर पदवी पदरी नसल्याने शासकीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे दार त्यांना बंद राहिले. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग-इतिहास विभागात व्याख्यात्याची जागा मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० साली परतले, तो पैशाच्या टंचाईपायी ती जागाच रद्द झालेली! वय चौतिशीला टेकलेले, घरी पत्नी तेहमिना, आणि हाती नोकरी नाही. अशा स्थितीत हे जोडपे कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम गावी येऊन राहिले.

त्या पावसाळ्यात किहीमच्या झाडांवर सुगरणींनी खोपे बांधले होते. बेकार माणसापाशी वेळेची वाण नसते. सलीम अली दिवसचे दिवस घरट्यांपाशी बसून राहिले आणि कोणता पक्षी केव्हा काय करतो हे टिपत गेले. मराठी मनाने या पाखराला स्त्रीचे नाव दिले आहे आणि खोप्याची सारी कारागिरी तिच्याच नावे जमा केली आहे. पण खोपा विणतो तो नर. घरटे अर्धे विणून झाले की मादी येते, पाहणी करते, आणि पसंत पडले तरच त्यात राहते. मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घर बांधावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हा संसाराचा क्रम सलीम अलींनी बारकाईने उलगडून दाखविला, आणि १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाने त्यांचे नाव अभ्यासकांत झाले. आवडती समजूत असो वा ग्रंथातील मत असो, प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ते खरे मानावयाचे नाही, ही शिस्त त्या चार महिन्यांत पक्की झाली. पुढल्या आयुष्यात याच शिस्तीची कसोटी एका फार मोठ्या प्रश्नावर लागणार होती.

नोकरी नाही, म्हणून त्यांनी एक नवाच मार्ग काढला. देशातील संस्थानांच्या मुलखांतील पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी झालेली नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च दरबाराने द्यावा, श्रमाचे मोल नको, अशा अटीवर त्यांनी ही कामे अंगावर घेतली. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर, म्हैसूर असा हा प्रवास वर्षानुवर्षे चालला. तेहमिनाबाई तंबूतला संसार सांभाळीत बरोबर असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्या दुःखानंतर बहिणीच्या घरी आसरा घेऊन सलीम अलींनी काम मात्र थांबू दिले नाही.

या पाहण्यांचे खरे मोल समजून घ्यावयास हवे. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यत्वे नमुने गोळा करणे आणि त्यांना नावे देणे असे. सलीम अलींनीही नमुन्यांसाठी पक्षी मारले. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु मेलेल्या पाखरापेक्षा जिवंत पाखराकडे त्यांचे लक्ष अधिक होते. ते कोणत्या जातीच्या रानात राहते, किती उंचीवर आढळते, काय खाते, विणीचा हंगाम कोणता, हे ते लिहून ठेवीत. पाखरे फुलांचे परागीकरण कशी करतात, यावर त्यांनी १९३२ सालीच निबंध लिहिला होता. पक्ष्याला त्याच्या भूमीपासून निराळे काढून समजता येत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले होते. म्हणूनच त्यांच्या वह्या ही नुसती नावांची यादी न राहता त्या त्या मुलखाच्या प्रकृतीची नोंद झाली.

अशी नोंद किती दिवसांनी फळ देईल हे सांगता येत नाही. १९३३ साली त्रावणकोरची पाहणी करीत असताना पेरियार नदीकाठच्या तट्टेकाड येथील रानाने त्यांचे लक्ष वेधले. द्वीपकल्पात पक्ष्यांनी इतके समृद्ध रान दुसरे नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८३ साली, तेथील सुमारे २५ चौरस किलोमीटरचे रान केरळ सरकारने पक्षी अभयारण्य म्हणून राखून ठेवले, ते त्यांच्याच शिफारशीच्या आधारावर. पुढे २००९ साली केरळमधील अभ्यासकांनी त्यांच्याच जुन्या मुक्कामांवर पुन्हा जाऊन पाहणी केली. पाऊण शतकात कोणते पक्षी टिकले आणि कोणते दिसेनासे झाले हे ताडून पाहणे त्यांना शक्य झाले, ते केवळ पहिली वही अस्तित्वात होती म्हणून. पहिली वहीच नसती तर काय हरवले हेही कळण्याचा मार्ग उरला नसता.

१९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि पक्षिनिरीक्षण हा छंद सुशिक्षितांच्या घराघरांत पोहोचला. पंडित नेहरूंनी तुरुंगातून या पुस्तकाची प्रत कन्येला पाठविली होती. स्वातंत्र्यानंतर सोसायटी आर्थिक ओढाताणीत सापडली तेव्हा सलीम अलींनी नेहरूंकडेच धाव घेतली आणि संस्था तगली. १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने त्यांनी भारत आणि शेजारदेशांच्या पक्ष्यांचा कोश दहा खंडांत पुरा केला. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे मान त्यांना मिळाले. १९७६ सालच्याच गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी सोसायटीच्या कार्याला देऊन टाकली. परंतु या मानसन्मानांपेक्षा राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीची हकीकत त्यांच्या कार्यावर अधिक प्रकाश टाकते.

भरतपूरचे केवलादेव हे मुळात सखल रान. अजान बांधाचे पाणी आणून तेथे तळी राखली गेली आणि ती संस्थानिकांची बदकांच्या शिकारीची जागा बनली. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडल्याची नोंद आहे. संस्थान विलीन झाल्यावर साहजिकच मागणी उठली की, राजाच्या शौकासाठी अडविलेले हे पाणी सोडून द्यावे आणि जमीन कसणाऱ्यांना वाटून टाकावी. अन्नधान्याच्या टंचाईचे ते दिवस होते. मागणी अन्यायाची नव्हती. सलीम अलींनी नेहरूंपुढे दुसरी बाजू मांडली. ते तळे म्हणजे हजारो बगळे, करकोचे, पाणकावळे यांची वीण होण्याची जागा आणि उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांचा हिवाळी मुक्काम होता. अखेर जमीन वाटली गेली नाही, आणि १९५६ साली तेथे अभयारण्य झाले.

हा युक्तिवाद पुढे पुराव्याने भक्कम झाला. कर्नाटकात १९५७ साली क्यासनूर रानात माकडतापाची साथ उद्भवली, आणि त्याचा विषाणू स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर येतो की काय, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची वळी अडकविण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला, आणि भरतपूर हे त्याचे एक मुख्य केंद्र झाले. मुंबईचा पत्ता कोरलेली ही वळी दूर सोव्हिएत प्रदेशातून परत कळविली जाऊ लागली. २९ चौरस किलोमीटरचे हे तळे एकट्या भरतपूरचे नाही, अर्ध्या आशियाशी त्याचे नाते आहे, हे त्या इवल्या वळ्यांनी सिद्ध केले. १९८१ साली ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. परंतु तिचा पुढला भाग अधिक शिकविणारा आहे. १९८२ साली भरतपूर राष्ट्रीय उद्यान झाले आणि कायद्यानुसार आत गुरे चारण्यास बंदी आली. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तेथे चरत आल्या होत्या. संतापलेल्या गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे प्राणाला मुकली. चराई बंद व्हावी हे सलीम अलींचेही मत होते. गुरे पाणथळ तुडवितात, पाखरांना उपद्रव देतात, असा बहुतेक निसर्गप्रेमींचा त्या वेळी समज होता, आणि तो प्रथमदर्शनी पटण्याजोगाही होता.

त्याच सुमारास, १९८० पासून, सोसायटीने त्यांच्याच नेतृत्वाखाली भरतपूरच्या समग्र परिसराचा दहा वर्षांचा अभ्यास सुरू केला होता. पाणी, वनस्पती, मासे, कीटक, पाखरे आणि चराई या साऱ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे होत राहिल्या. १९९१ साली अहवाल पुरा झाला, आणि त्याचा निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या नेमका उलट होता. म्हशी चरत होत्या तोवर तळ्यातील गवत आटोक्यात राहत होते. त्या बंद होताच पासपॅलम जातीच्या गवताने उघडे पाणी गिळून टाकले. बदके व हंस यांना उतरावयास जागा कमी पडू लागली आणि माशांनाही झळ लागली. म्हैस ही त्या तळ्याची वैरीण नव्हती, त्याच्या घडणीतील एक भागीदार होती. पुढे गावकऱ्यांना परवान्याने आत येऊन गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. सायबेरियातून भरतपूरला येणारे पांढरे क्रौंच मात्र घटत घटत गेले आणि २००२ नंतर तेथे दिसले नाहीत. त्याला दूरदेशीच्या वाटेवरील शिकारीसारखी इतरही कारणे होती.

या प्रकरणातून संशोधन निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे चुकीचे होईल. संशोधन आधी पुरे झाले असते आणि निर्णय मागाहून झाला असता, तर कदाचित ती माणसे वाचली असती, असा त्याचा खरा अर्थ आहे. निर्णय मताच्या बळावर घेतला गेला. अभ्यास त्याच्या मागून आला. आणि तरीही एक गोष्ट मोलाची आहे. ज्या संस्थेचे धुरीण चराईच्या विरोधात होते, त्याच संस्थेने आपल्या धुरिणाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष दडवून न ठेवता जगापुढे मांडला. किहीमच्या खोप्यांपाशी जी शिस्त जन्मली तिचीच ही परिणती होय. गावकऱ्यांना तळ्याचे जे ज्ञान होते ते शास्त्राने तपासून मान्य केले, पण त्याला दहा वर्षे लागली. आणि ती सुरुवातीला कोणी विचारातही घेतली नव्हती.

सलीम अलींच्या अखेरच्या वर्षांत असे निर्णय देशभर होऊ लागले होते. केरळातील साइलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याच्या योजनेला ज्यांनी विरोध केला त्यांत त्यांचा आवाज वजनदार होता. १९८३ साली ती योजना सोडून देण्यात आली आणि पुढल्या वर्षी ते सदाहरित रान राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. १९८६ च्या जानेवारीत, त्यांच्या वयाच्या नव्वदाव्या वर्षी, आणखी एक वार्ता आली. जेर्डनचा धाविक हा लहानसा निशाचर पक्षी १९०० पासून कोणालाही दिसला नव्हता, आणि तो नामशेष झाला असे धरून चालले होते. सोसायटीच्या तरुण अभ्यासकाला आणि त्याच्या स्थानिक साथीदाराला तो आंध्रातील कडप्पा जिल्ह्याच्या झुडपी रानात सापडला. महसुली भाषेत जिला ओसाड म्हणावे अशी ती जमीन. आणि तेलुगू गंगा योजनेचा कालवा नेमका तेथूनच जावयाचा होता. पक्षी सापडल्याचा पुरावा समोर येताच कालव्याची आखणी बदलण्यात आली आणि श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य निर्माण झाले. कालवा थांबला नाही, तो वळला. संशोधनाचा उपयोग पुष्कळदा एवढाच असतो, आणि तो थोडा नव्हे.

२० जून १९८७ रोजी मुंबईत सलीम अलींचे निधन झाले. १९८८ साली गोव्यात मांडवीतील चोडण बेटावरच्या खारफुटीला त्यांचे नाव देऊन पक्षी अभयारण्य करण्यात आले. १९९० साली कोइमतूरजवळ त्यांच्या नावे पक्षिविज्ञान व निसर्ग-इतिहासाचे केंद्र सुरू झाले.

महाराष्ट्राने त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा धडा मात्र माळरानावर पडून आहे. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असा त्यांचा आग्रह होता. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. १९७९ साली सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले ते तब्बल ८४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शहरे आली, बागाईत शेते आली, आणि खरेदी-विक्रीच्या अडचणींनी गांजलेल्या लोकांचा रोष त्या बिचाऱ्या पाखरावर ओढवला. पुढे ते क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दुसरीकडे उघडा गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन असे समजून त्यावर झाडे लावण्याचा उत्साहही चालूच राहिला. वास्तविक माळढोकाला हवा असतो तो मोकळा माळच. आज साऱ्या देशात हा पक्षी दोनशेच्याही खाली आला आहे. पक्षी कोठे अंडी घालतो, कोठे चरतो आणि कोणत्या शेतातून ये-जा करतो, हे आधी पाहून मग रेषा आखली असती तर लोकांचा जाचही टळला असता आणि कदाचित पाखरूही.

पक्ष्यांची जागा कोठवर आणि माणसांची कोठून, हा वाद पुढेही होत राहणार. माणसे आणि गरजा वाढत आहेत तोवर तो टळणारा नाही. त्यात प्रत्येक वेळी पाखराचाच जय व्हावा असा हट्ट धरता येणार नाही. परंतु निवाडा देणाऱ्यापुढे त्या जमिनीची खरी हकीकत असावी, आणि ती आपल्या मताविरुद्ध गेली तरी ऐकून घेतली जावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हव्यात असे नाही. गावच्या तळ्यावर दरवर्षी कोणती पाखरे किती उतरतात, हे शाळेतील शिक्षक आणि मुले एका साध्या वहीत तारखेसह लिहून ठेवू शकतात. ज्याच्यापाशी पदवी नव्हती आणि नोकरीही नव्हती अशा एका माणसाने किहीमच्या पावसात नेमके तेवढेच केले होते.